प्रश्न क्रमांक सतरा

माझी रक्तदाबाची गोळी कुठल्या सदऱ्याच्या कुठल्या खिशात असते ते माझ्या बायकोला ठाऊक आहे, पण ही गोष्ट तिलाही ठाऊक नाही. मुलीला नाही, भावाला नाही. आणि ज्या एका माणसाला सांगायला हवी होती, त्याला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल तर एवढंच, की अंबाजोगाईत राहणारा तो निवृत्त ‘अणुवाला’, ज्याला दर सव्वीस जानेवारीला कुठल्या ना कुठल्या शाळेत शाल घालून उभं करतात. त्या ओळखण्याला काही अर्थ नाही.

आधी हा ‘अणुवाला’ प्रकार निकालात काढतो, कारण त्यानं मी खरंच वैतागलोय. मी अणू फोडला नाही, बॉम्ब केला नाही, साधा बल्ब लावायलाही मला बायको स्टुलावर चढू देत नाही. मी फाइली वाचायचो. अणुवीज केंद्र चालवायचं तर त्याला मर्यादा आखून दिलेल्या असतात. दाब इतकाच, तापमान इतकंच, अमुक पंप बंद ठेवायचा तर इतकेच तास. मर्यादा ओलांडली की अणुभट्टी बंद करायची, तिथे चर्चा नाही. आणि केंद्राला यातली एखादी मर्यादा बदलून हवी असेल, तर ती त्यांना स्वतःहून बदलता येत नाही. प्रस्ताव पाठवावा लागतो. तो आमच्याकडे यायचा. आम्ही म्हणजे मुंबईच्या एका कचेरीत बसलेली, चष्मे लावलेली पाचपंचवीस माणसं. आमचं काम एकच, शंका घ्यायची. शंका लिहून काढायच्या, त्यांना क्रमांक द्यायचे, केंद्राकडून उत्तरं घ्यायची. समाधान झालं तर शिफारस, नाही तर पुन्हा प्रश्न. अख्खी नोकरी मी हेच केलं. शंका घेणं हाच ज्याचा धंदा, त्यानं एक शंका गिळली — एवढीच तर ही गोष्ट आहे. एवढीच?

नाही, एवढीच नाही. सांगतो. जरा दमानं घेऊ द्या.

एका मोठ्या तलावाकाठचं केंद्र होतं. नाव सांगत नाही, नावाला त्यात काही दोष नाही. तलावाचं पाणी आत घ्यायचं, त्यानं यंत्रं थंड करायची आणि तापलेलं पाणी लांबून वळसा देऊन परत तलावात सोडायचं. मर्यादा अशी, की आत येणारं पाणी अमुक अंशांच्या वर गेलं तर अणुभट्टी बंद. उन्हाळे कसे झालेत ते तुम्हाला मी काय सांगू? मे महिन्यात पाणी त्या आकड्याला टेकायला लागलं. मग प्रस्ताव आला, मर्यादा दोन अंशांनी वाढवून द्या. सोबत जाडजूड हिशेब. पाणी दोन अंश गरम असलं आणि नेमका त्याच वेळी काही बिघाड झाला, तरी सगळी उष्णता काढून टाकता येईल, असं दाखवणारा. तो हिशेब मी ओळ न् ओळ तपासला. बरोबर होता. हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही. उलट, हिशेब बरोबर होता म्हणूनच माझं पाप झाकलं गेलं. कारण सगळा हिशेब सुरू कुठून होतो? पाण्याच्या तापमानापासून. आणि ते कोण सांगतं? पाण्यात बुडवलेला थर्मामीटर. तो कुठल्या पाण्यात बुडवलाय, हे हिशेबात नव्हतं.

ते मला ज्ञानोबा शेंडग्यांनी सांगितलं.

शेंडगे त्या केंद्रात शिफ्ट इनचार्ज होते. नियंत्रण कक्षातला मुख्य माणूस, त्याच्या एका शब्दावर अणुभट्टी बंद होते. गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याचे. घरची मेंढरं, वडील आणि चुलते आयुष्यभर कळपामागं हिंडलेले. हा माणूस शिकून तिथवर गेला होता आणि त्या खुर्चीवर त्याचा फार जीव होता. आमची ओळख कशी झाली, ऐका. तपासणीसाठी मी केंद्रात गेलो होतो. कँटीनमध्ये चहाचा घोट घेतला आणि जीभ पोळली. तोंडातून निघून गेलं, “आयला, लई गरम हाय!” मुंबईत इतकी वर्षं मी माझी बोली डब्यात बंद करून ठेवली होती, ‘नाही’ला ‘न्हाई’ म्हटलं तर कुणी हसेल म्हणून. आणि पोळलेल्या जिभेनं घात केला. समोरच्या टेबलावरचा काळासावळा, जाड मिशांचा माणूस हसत उठला. “साहेब, तुमी आमच्याकडचे दिसता.” मी म्हणालो, “मूळचा धारूरचा.” त्याला कोण आनंद! मला? मला तेव्हा लाज वाटली. शेजारी माझे सहकारी बसले होते ना.

तर प्रस्तावाची फाइल माझ्या टेबलावर असताना एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज दबका. रीतीला धरून नव्हतंच ते. वरिष्ठांना सोडून थेट आमच्याकडे बोलणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. पण त्यांनी केलं. म्हणाले, थर्मामीटर आता पुलाखालच्या कालव्यात बसवलेत. तिथं पाणी खोल, वर सावली. पंप पाणी ओढतात ते पुढच्या कुंडातून. मे महिन्यात तलाव आटला, की आपणच सोडलेलं गरम पाणी फिरून त्या कुंडाशी येतं. थर्मामीटर दाखवतो एक, पंप पितो दुसरंच. तीन उन्हाळे हा माणूस स्वतःच्या शिफ्टला, भर बाराच्या उन्हात, दोरीला हातातला थर्मामीटर बांधून कुंडात सोडत होता आणि आकडा वहीत लिहीत होता. फरक दीड अंशाचा, कधी त्याहून जास्त. दोन अंशांची सूट मागायची आणि त्यातला दीड अंश आधीच खाल्लेला!

“साहेब, ताप बघायचा तर थर्मामीटर काखंत लावतेत. उशीखाली ठिवून कसं कळंल?” असं म्हणाले ते. “वरच्यांना सांगितलं. ते म्हणतेत, जागा मंजूर झालेली हाय. तुमी तरी बघा. तुमी आपल्याकडचे हाव.”

आणि मी काय म्हणालो असेन? शुद्ध, इस्त्रीच्या मराठीत म्हणालो, “ठीक आहे. आपला मुद्दा लक्षात आला.” आपला मुद्दा! माणूस गळ्यात पडतोय आणि मी त्याला पोचपावती देतोय.

पण मी प्रश्न लिहिला. हे खरं. माझ्या यादीत बावीस प्रश्न होते आणि त्यातले निम्मे म्हणजे हा तक्ता अस्पष्ट आहे, तो संदर्भ जोडा, असली खरडाखरड. सतरावा प्रश्न हा होता. सगळ्या यादीत खरा प्रश्न तो एकच. लिहून झाल्यावर मी खुर्चीत मागं रेललो आणि मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी तो काढून टाकला.

का? या ‘का’ची उत्तरं माझ्याकडे पुष्कळ आहेत आणि एकेक अशी घोटीव आहेत, की ऐकून तुम्ही मलाच धीर द्याल. पहिलं उत्तर, हा प्रश्न कुठून आला ते केंद्रातल्यांना लगेच कळलं असतं आणि शेंडगे अडचणीत आले असते. म्हणजे मी त्यांना वाचवलं! वा रे वा. हे उत्तर मी कितीतरी वर्षं वापरलं. सकाळी फिरायला जाताना, दाढी करताना, केव्हाही. पण मला त्यांना वाचवायचंच होतं, तर प्रश्न माझ्या नावानं विचारता आला नसता? थर्मामीटर कुठे आहे हे विचारायला कुणी कानात सांगावं लागतं का? परीक्षकानं पहिला प्रश्न तोच विचारायला हवा.

दुसरं उत्तर घाईचं. उन्हाळा तोंडावर, विजेची ओरड, आमचे अध्यक्ष म्हणतायत, यादी शुक्रवारी द्या. कशाची घाई आणि काय! बावीस प्रश्नांऐवजी एकवीस प्रश्न छापायला किती मिनिटं वाचतात?

खरं कारण पुलाखाली होतं.

ते थर्मामीटर पूर्वी कुंडातच होते, पंपांच्या अगदी तोंडाशी. शेवाळ साचून ते सारखे बिघडायचे, म्हणून केंद्रानं आधी एकदा छोटासा प्रस्ताव पाठवला होता — जागा बदलू द्या. दीड पानाचं पत्र, त्यात ‘नवी जागा समतुल्य आहे’ असं एक वाक्य आणि मागं एक घडी घातलेलं मोठं रेखाचित्र. ती फाइल कुणाकडे आली असेल? त्या दिवशी मला बीडकडची गाडी पकडायची होती. मी पत्र वाचलं, ‘समतुल्य’ वाचलं आणि खाली लिहिलं, ‘स्वीकार्य’. सही केली. रेखाचित्राची घडी उघडलीच नाही. उघडली असती तर पूल दिसला असता, कालवा दिसला असता, कुंड किती लांब आहे तेही दिसलं असतं. शाळेतल्या पोरानंही बोट ठेवून दाखवलं असतं. टाचणी जशीच्या तशी लागलेली होती हो त्या घडीला! मी टाचणीसुद्धा काढली नव्हती.

शेंडगे फोनवर म्हणाले होते, जागा मंजूर झालेली हाय. कुणी मंजूर केली ते त्यांना माहीत नव्हतं. मी यादी लिहिली त्या संध्याकाळी जुनी फाइल मागवून घेतली आणि खाली माझीच सही पाहिली. माझी पाचावर धारण बसली. सतरावा प्रश्न टेबलावर आला, की पाठोपाठ ती फाइल येणार. टाचणीसकट. मग सगळे माझ्याकडे बघणार. बस्स, एवढ्यासाठी. कुणी मला फासावर चढवणार नव्हतं, फार तर चार माणसांच्या भुवया वर गेल्या असत्या. तेवढ्या भुवयांना मी घाबरलो.

आणि काढून टाकला म्हणजे कसा? तेही ऐका, कारण त्याची मला जास्त चीड येते. मधला क्रमांक रिकामा दिसला तर कुणीतरी विचारेल. म्हणून मी अठराव्याचा सतरावा केला, एकोणिसाव्याचा अठरावा. शेवटपर्यंत. मग इतर प्रश्नांमध्ये ‘प्रश्न क्रमांक वीस पाहा’ असे उल्लेख होते, तेही शोधून शोधून बदलले. भर दुपारी, चहा पीत, मान मोडून. रेखाचित्राची घडी उघडायला मला वेळ नव्हता आणि ही कारागिरी करायला होता. चूक घाईत होते हो. पण इतक्या निगुतीनं जे केलं, त्याला चूक कोण म्हणेल?

बैठक झाली. शेवटी अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे विचारलं, आणखी कुणाला काही? आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे होकार. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. मर्यादा वाढली.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. मी भित्रा निघालो, शेपूट घातलं, एवढ्यावर भागलं असतं. पण बैठकीनंतर चहा होता. केंद्राचे उपप्रमुख माझ्याशेजारी बिस्किट बुडवत उभे होते, खुशीत होते. हसत म्हणाले, “तुमचे प्रश्न यंदा फार सौम्य होते. आमचा कुणी तुमच्या कानाला लागलाय असं ऐकलं होतं, आम्ही तर धसका घेतला होता.” बघा, त्यांनी खडा टाकून पाहिला. मी ‘छे छे’ म्हणू शकत होतो. विषय बदलू शकत होतो. हवामान, क्रिकेट, काय वाट्टेल ते. मला मात्र त्या क्षणी दाखवायचं होतं, की मी तुमच्यातलाच आहे, असल्या गावठी फोनांनी हलणारा नाही. मी म्हणालो, “तुमच्या शेंडग्यांना जरा समजावा. वहीत आकडे लिहीत बसतात म्हणे.”

हसून म्हणालो. ते हसले नाहीत. त्यांनी बिस्किट तसंच बशीत ठेवलं.

पुढच्या महिन्यात शेंडग्यांना नियंत्रण कक्षातून काढून कागदपत्रांच्या विभागात बसवलं. कारण काही दिलं नाही, ‘प्रशासकीय’ म्हणाले. शिफ्टवर नसलं की शिफ्ट इनचार्जचा परवाना काही काळानं आपोआप संपतो. परवाना गेलेला माणूस नियंत्रण कक्षाच्या दारातून आतही जाऊ शकत नाही. ते जुनी रेखाचित्रं लाल फडक्यांत बांधत बसले आणि नोकरीची काही वर्षं शिल्लक असतानाच सोडून तलवाड्याला परत आले.

केंद्राचं काय झालं, विचाराल. काही झालं नाही. दोन उन्हाळे केंद्र त्या मर्यादेवर चाललं, काही बिघडलं नाही. तिसऱ्या वर्षी आमच्याकडे नवीन आलेल्या एका बाईंनी दुसऱ्याच कुठल्या फाइलच्या निमित्तानं ते रेखाचित्र उघडलं आणि दोन ओळींत तो प्रश्न विचारला. अगदी तोच. थर्मामीटर परत कुंडात गेले, मर्यादा खाली आली. मी समोर बसलो होतो. मी मान डोलावली आणि म्हणालो, “रास्त मुद्दा आहे.” रास्त मुद्दा! त्यावेळी कुणी माझ्या थोबाडीत का मारली नाही? जुनी सहीही कुणी काढली नाही. ज्या भुवयांना मी घाबरलो होतो, त्यातली एकही वर गेली नाही. एवढ्याशासाठी एका माणसाची जन्माची खुर्ची गेली आणि शेवटी त्याची गरजही नव्हती. डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

निवृत्त होऊन मी अंबाजोगाईला आलो. शेंडग्यांना कळल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ते घरी आले, हुरड्याचं आमंत्रण घेऊन. तेव्हापासून दर वर्षी बोलावतात. माझे सत्कार होतात, तेव्हा मागच्या रांगेत बसून सगळ्यात आधी टाळी वाजवतात. लोकांना सांगतात, “लई मोठा माणूस. माझ्यासारख्याचं बी ऐकून घेतलं.” मी एकदा नाही म्हणून बघितलं हुरड्याला, पाठ दुखते म्हणालो, तर मुलाला गाडी घेऊन पाठवलं. हात टेकले मी.

यंदाही गेलो. रानात आगटी पेटवलेली, गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं भाजत होती. बायको त्यांच्या घरच्यांबरोबर बांधावर बोलत बसली होती. आगटीपाशी आम्ही दोघंच. शेंडगे गरम कणीस तळहातांवर चोळून दाणे मोकळे करत होते. मान वर न करता म्हणाले, “साहेब, एक इचारू का? राग न्हाई ना?”

मला कळलं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी विषय काढला नव्हता.

“त्या टायमाला तुमी तो प्रश्न इचारला व्हता ना? माझं काय झालं ते जाऊ द्या. पर कुणीतरी इचारला व्हता, एवढं कळलं तर बरं वाटंल.”

बघा, त्या माणसाला काय हवं होतं. खुर्ची नको, परवाना नको, न्याय नको. आपलं बोलणं कुठल्या तरी कागदावर उतरलं होतं, एवढंच. आणि मला खरं सांगायला यापेक्षा चांगली जागा, चांगली वेळ मिळणार होती का? आजूबाजूला कुणी नाही, माझ्या नोकरीचा प्रश्न नाही. तेव्हा भुवयांची भीती होती म्हणावं, तर आता कशाची होती?

मी म्हणालो, “विचारला होता. त्यांनी उडवून लावला.”

त्यांनी सुस्कारा सोडला. चेहरा सैल झाला त्यांचा, खरंच सैल झाला. “मग झालं,” म्हणाले. “आपुन आपलं काम केलं.” आणि ते गरम दाणे माझ्या ओंजळीत टाकले. मी खाल्ले. चटणी लावून, गुळाचा खडा घेऊन खाल्ले.

निघताना त्यांनी एक वही हातात दिली. निळ्या पुठ्ठ्याची, शाळेतल्या पोरांची असते तसली. “घरात पडून ऱ्हाईल, वाळवी खाईल. तुमाला समजंल त्यातलं.” तारीख, वेळ, कुंडातलं तापमान, पुलाखालचं तापमान, फरक. तीन उन्हाळे. एका ठिकाणी आकड्याशेजारी कंसात लिहिलंय, ‘दोरी तुटली, उद्या नवी आणणे’. दुसऱ्या दिवशीचा आकडा आहे.

वही आता समोर आहे. बायको विचारते, ही कसली वही, आणि मी म्हणतो, जुनं काहीतरी. वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी आज तो प्रश्न लिहिला. पाठ आहे मला.

प्रश्न क्रमांक सतरा : पाण्याचं तापमान ज्या ठिकाणी मोजलं जातं, तिथलं पाणी आणि पंप जे ओढतात ते पाणी एकच आहे का? नसल्यास फरक किती, आणि तो मर्यादा ठरवताना धरला आहे का?

त्याखाली लिहिलं : हा प्रश्न ज्ञानोबा शेंडगे यांचा. तो मी विचारला नाही. त्यांचं नाव मीच सांगितलं.

खाली माझी सही केली, तारीख घातली. वही कपाटात ठेवली आहे. तलवाड्याला मी ती नेलेली नाही.